चिखल, बर्फ आणि जुने इंजिन



न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठावर भारदस्त विषय मांडावा असा संकेत पडला आहे. मी तो आज मोडणार आहे, ह्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. मी शिकलेला मनुष्य नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण परभणीच्या एका गॅरेजात, त्यानंतर जिनिंगच्या फाटकावर आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. तीस वर्षे मी कामगारांच्या संघटनेत आहे. तेव्हा मला जे थोडेफार समजते त्याच गोष्टीविषयी मी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे इंजिन. आणि तेही नवे कोरे नव्हे, दुसऱ्याने वापरून विकलेले.

ह्या इंजिनाची हकीगत सांगण्यासाठी मी उदाहरण घेतले आहे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे. सभेत काही मंडळी हसली, ते योग्यच आहे. माझे गाव पेडगाव. आमच्याकडे बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. परंतु मानवत रोड आणि परभणी ह्यांच्या दरम्यानच्या त्या लहान स्थानकाच्या गावात वाढलेल्या माणसाला ही बर्फगाडी परकी का वाटत नाही, हे आपण थोडा धीर धरलात तर ध्यानात येईल.

आमच्या भागातील जमीन काळी आणि कसदार. कापसाला तिच्यासारखी जमीन नाही, आणि पावसाळ्यात चालावयाला तिच्यासारखी वैरीण नाही. मृगाचे दोन चांगले पाऊस पडले की पांदणीतून बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. चप्पल हातात घ्यावी लागते, आणि पायाला चढलेले चिखलाचे जोडे शेर-दीड शेर वजनाचे होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग निघाला आणि आमच्या गावाला जग जोडले गेले असे म्हणतात. ते खरेही आहे. पण जग जोडले गेले ते स्थानकाला. स्थानकापासून वस्तीपर्यंत, वस्तीपासून रानापर्यंत चिखलच होता. माझ्या लहानपणी पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून चौघे खांदेकरी पक्क्या रस्त्यापर्यंत नेत. अर्ध्या वाटेत बाजेवरचा माणूस गेला तर तीच बाज तशीच परत फिरे. म्हाताऱ्या बायका म्हणत, की वाट माणसाला खाते.

आता ह्या चिखलातून मी आपणांस एकदम कॅनडात नेतो. तेथील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे चिखलाच्या जागी बर्फ, आणि तोही वर्षातील चार-पाच महिने. हिवाळ्यात मोटारी घरात ठेवून लोक घोड्याच्या घसरगाडीने जात येत. ह्या गावात १९०७ साली जोझेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा मुलगा जन्मला. त्याला यंत्रे उघडून पाहण्याचा नाद होता. त्याच्या बापाने, घरातील चांगल्या वस्तूंची मोडतोड थांबावी म्हणून असेल, त्याला एक निकामी ठरलेली जुनी फोर्ड मोटार देऊन टाकली. मुलाने तिचे इंजिन दुरुस्त केले, ते एका घसरगाडीवर बसविले, मागे विमानासारखा पंखा लावला, आणि १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या पंधराव्या वर्षी, भावाला बरोबर घेऊन ती गाडी गावातून चालविली. उघडा फिरणारा पंखा पाहून बाप घाबरला आणि त्याने ती गाडी मोडावयास लावली.

ह्या प्रसंगातील एक गोष्ट मी आपल्या नजरेस आणू इच्छितो. बर्फगाडीच्या इतिहासातील हे पहिले पाऊल कोणा कारखान्यात पडलेले नाही. लोकांनी टाकाऊ ठरविलेल्या इंजिनातून एका पोराने ते टाकले. म्हणजे ही गाडी जन्माला आली तीच मुळी जुन्या मालावर केलेल्या दुरुस्तीतून.

पुढे १९२६ साली त्या तरुणाने गावात स्वतःचे गॅरेज उघडले. उन्हाळ्यात लोकांच्या मोटारी दुरुस्त करावयाच्या आणि हिवाळ्यात बर्फावरील गाडीचे प्रयोग करावयाचे, असा त्याचा क्रम होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. आतड्याचा विकार होता, पोटात विष पसरत होते आणि शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नव्हता. रुग्णालय दूर, रस्ते बर्फाने बंद, आणि ज्या गाडीने मुलाला नेता आले असते ती प्रयोगातील गाडी कारखान्यात सुटी करून ठेवलेली. मुलगा गेला. ज्याने बर्फावर चालणारी गाडी करावयाची म्हणून आयुष्याची दहा वर्षे घालविली, त्याच्याच दारात गाडी उपयोगी पडली नाही.

त्यानंतर तो माणूस खचला नाही. १९३७ साली त्याला आपल्या नव्या रचनेचे पेटंट मिळाले. रबराने मढविलेले दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबर व कापूस ह्यांचा रुंद पट्टा, अशी ती रचना होती. बर्फावर गाडी रुतते ती चाकाचा भार एका बिंदूवर पडतो म्हणून. पट्ट्यामुळे तोच भार पसरतो. तेथील बर्फात आपल्या ओळखीचा कापूस कामास आला, ह्याची पेडगावच्या माणसाला थोडी गंमत वाटल्यावाचून राहत नाही. सात माणसे बसतील अशी ही गाडी डॉक्टरांनी घेतली, टपालवाल्यांनी घेतली, मुलांना शाळेत नेण्यासाठी घेतली. १९४८ पासून क्वेबेकच्या सरकारने हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवण्याचे धोरण धरले, तेव्हा मोठ्या गाड्यांचा खप घसरला. मग त्याने लहान, एकदोघांनी बसावयाची गाडी केली. ती १९५९ साली स्की-डू ह्या नावाने बाजारात आली. आज डोंगरात पळणाऱ्या ज्या प्रचंड ताकदीच्या बर्फगाड्या आहेत, त्या तिच्या वंशातील. बोंबार्दिए १९६४ साली वारला.

पुढे ह्या लहान बर्फगाड्यांत ज्या जातीचे इंजिन रूढ झाले, त्याचा इतिहास आता पाहू, कारण तेथेच आपला आणि तिचा सोयरसंबंध जुळतो. हे टू-स्ट्रोक इंजिन होय. इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे ह्याने १८८९ च्या सुमारास एक साधी रचना शोधली, तीत पिस्टन खाली येताना क्रँकच्या पेटीतील मिश्रण दाबले जाते आणि तेच वर सिलिंडरात चढते. त्या रचनेत झडपा राहिल्या होत्या. डेच्या कारखान्यात फ्रेडरिक कॉक नावाचा एक कामगार होता. पिस्टनच्या अंगानेच मिश्रण आत येण्याचे भोक उघडावे आणि झाकावे, म्हणजे झडपेची गरजच उरणार नाही, ही युक्ती त्याने काढली. १८९२ पासून ती प्रचारात आली. पुढे जगभर लक्षावधी मोटारसायकली, स्कूटर, होड्यांची इंजिने, फवारणीचे पंप आणि बर्फगाड्या ह्याच युक्तीवर चालल्या. इंजिनाला नाव डेचे राहिले. कॉकचे नाव किती जणांनी ऐकले आहे? मी संघटनेचा माणूस आहे, म्हणून हा प्रश्न विचारतो असे समजू नका. इतिहास लिहिणाऱ्याने तो विचारावयास हवा.

झडपा नाहीत, म्हणून भाग थोडे. भाग थोडे, म्हणून वजन कमी. आणि प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून वजनाच्या मानाने ताकद जास्त. हे ह्या इंजिनाचे गुण. दोष असा, की त्याला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. पेट्रोल कमी पोहोचले तर वंगणही कमी पोहोचते, आणि गरम झालेला पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. गॅरेजातील भाषेत इंजिन जाम होते. म्हणजे ह्या इंजिनात उपासमार आणि मरण ह्यांत अंतर फार थोडे आहे.

दुसरा सोयरसंबंध पट्ट्याचा. बर्फगाडीत गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनावर एक कप्पी, मागे दुसरी आणि दोहोंमध्ये रबरी पट्टा. इंजिन जोरात फिरू लागले की पुढच्या कप्पीतील वजने बाहेर फेकली जातात, कप्पीचे दोन गाल जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडी आपोआप वेग घेते. हॉलंडमधील व्हान डोर्न ह्या कारखानदाराने १९५८ साली ही रचना मोटारीत आणली. आपल्याकडे ती घरोघर आली १९८४ साली, कायनेटिक होंडा ह्या स्कूटरच्या रूपाने. त्याआधी १९७२ पासून लूना आली होतीच. परभणीच्या मोंढ्यात ज्यांनी दुधाचे कॅन, सरकीची पोती आणि दोन लेकरे एका वेळी लूनावर पाहिली आहेत, त्यांना टू-स्ट्रोकची सहनशक्ती मी सांगावयाची गरज नाही.

मी गॅरेजात लागलो तो ह्याच काळात, तेरा-चौदा वर्षांचा असताना. आमच्या मालकाला सारे उस्ताद म्हणत; हैदराबादी काळापासून आपल्याकडे कारागिराला हाच मान आहे. उस्ताद मुलांना पाना हातात देत नसत. गाडी आली की म्हणत, "बेटा, पहिले ऐक, मग खोल." आठ-पंधरा दिवसांनी पोरगा ऐकावयास शिके. रिंग झिजलेली, बेअरिंग वाजणारे, सायलेन्सर कोंदलेला, प्रत्येकाचा आवाज निराळा. त्या गॅरेजात मला हजेरी नव्हती, कार्ड नव्हते, सुट्टी नव्हती, हेही मी सांगून ठेवतो. विद्या मिळाली, पण ती मिळाल्याचा कागद कोणी दिला नाही.

बर्फगाडी आपल्या देशाच्या इतिहासात आली तीही साधारण त्याच वर्षांत. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकाकडे निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आणि त्यांच्याबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता ह्या तेथे गेल्या. तेथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपले पहिले ठाणे उभे राहिले. इकडे उत्तरेस १३ एप्रिल १९८४ रोजी आपले सैन्य सियाचीनवर चढले. तेव्हापासून हिमनदीवर सामान आणि आजारी जवान वाहून नेण्यास बर्फगाड्या, ज्यांना तेथे स्नो स्कूटर म्हणतात, उपयोगी पडत आल्या आहेत. सैन्यातील यंत्रांची निगा राखणारी ई. एम. ई. ही शाखा १९४३ सालची. आमच्या पंचक्रोशीतील एक हवालदार ह्या शाखेत फिटर होते आणि काही वर्षे बर्फातील गाड्यांवर काम करून निवृत्त होऊन गावी आले होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांची माझी ओळख ज्या प्रसंगाने दृढ झाली तो प्रसंग सांगणे मला सोपे नाही. परंतु तो वगळला तर ह्या व्याख्यानाला अर्थ उरणार नाही.

१९९४ साल. आम्ही जिनिंगच्या मजुरांनी वर्गणी काढून एक जुनी राजदूत मोटारसायकल विकत घेतली होती. संघटनेच्या कामाला ती वापरावयाची आणि अडल्यानडल्याला दवाखान्यापर्यंत न्यावयाची, असा ठराव होता. गाडी आली त्या दिवशी नारळ फुटला, हार घातला, टाकीवर संघटनेचे नाव रंगविले. गाडी कोण चालविणार ह्यावर दोन तास चर्चा झाली. गाडी कोण पाहणार हा विषय कोणी काढला नाही. मी चिटणीस, किल्ली माझ्या खिशात. मी गॅरेजातून आलेला, तेव्हा ते माझेच काम, हे सर्वांनी धरून चालले आणि मी विसरून गेलो. दोन महिने ती पांढरा धूर फार सोडीत होती. आम्ही हसत असू की गाडी विडी ओढते.

ऑगस्टात, पाऊस लागला असताना, माझ्या चुलतीला रानात सर्पदंश झाला. हंगामात ती जिनिंगमध्ये सरकी उचलण्याचे काम करी, आणि गाडीच्या वर्गणीत तिचाही रुपया होता. गाडी तीन आठवडे पडवीत उभी होती. मी किक मारीत राहिलो. प्लग काढला, पुसला, परत घातला, पुन्हा किक मारल्या. ती एकदा फुरफुरली आणि बंद पडली. शेवटी चुलतीला बाजेवर घेतले आणि चिखलातून निघालो. पक्का रस्ता लागण्यापूर्वी तिचे बोलणे बंद झाले होते. परभणीला पोहोचेपर्यंत ती गेली.

दहाव्यानंतर हवालदारकाका घरी आले. त्यांनी गाडी पडवीतून बाहेर काढली आणि माझ्यासमोर उघडली. कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि टाकीचा गंज. क्रँकचे एका अंगाचे ऑइल सील फाटलेले, त्यामुळे गिअरचे तेल आत ओढले जाऊन प्लग तेलाने भिजलेला. दोन महिने गाडी धूर सोडून तेच सांगत होती. नवे सील आणि नवा प्लग ह्यांची मिळून किंमत एका दिवसाच्या मजुरीहून कमी. काकांनी मला दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "हिला शेवटचे कोणी पाहिले होते? कोणत्या तारखेला?" मला उत्तर देता आले नाही. सैन्यात प्रत्येक गाडीबरोबर एक वही असते आणि त्या वहीत ह्या प्रश्नाचे उत्तर रोज लिहावे लागते, हे त्यांनी मग सांगितले. व्हालकूरच्या कारखान्यातील गाडी निदान सुटी करून ठेवलेली होती. आमची गाडी सबंध उभी होती, आणि तरी मेलेली होती.

त्या हिवाळ्यात काकांजवळ बसून मी जे शिकलो, आणि पुढे पुस्तके वाचून त्यात जी भर घातली, ते आता थोडक्यात सांगतो. उदाहरण डोंगरातील जबर ताकदीच्या, वापरलेल्या बर्फगाडीचे घेतो. सातशे-आठशे घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे तिचे इंजिन दीडशे अश्वशक्तीच्या आसपास जोर देते आणि मिनिटाला आठ हजार फेरे घेते. आपल्या कायनेटिकची ताकद सात-आठ अश्वशक्तीची. म्हणजे ही तिची वीसपट बलवान बहीण. जेथे ताकद वीसपट तेथे हयगयीची शिक्षाही तशीच.

पहिला नियम खरेदीचा. बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, तसेच येथे. विकणाऱ्याला आधी कळवावे की गाडी थंड ठेव. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. आपण जाण्यापूर्वीच ज्याने गाडी तापवून ठेवली आहे, त्याच्याकडे लपविण्यासारखे काहीतरी असण्याचा संभव धरावा. मग प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकडा किती ह्यापेक्षा दोन्ही आकडे सारखे आहेत की नाहीत हे महत्त्वाचे. शंभरात दहाहून अधिक फरक असला तर एका बाजूची रिंग किंवा पिस्टन गेला असे समजावे. उंच डोंगरावर हवाच विरळ, म्हणून तेथे आकडा कमी भरतो. त्यास आजार समजू नये. प्लगचा रंगही पाहावा. विटकरी असला तर प्रकृती ठीक. काळा व ओला असला तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरा पडला असला तर हवा जास्त, आणि हेच सर्वांत भयंकर, कारण इंजिन उपाशी आहे.

दुसरा नियम सीलचा. क्रँकच्या दोन्ही टोकांची सीले झिजली की पेटीत चोरवाटेने हवा शिरते. मिश्रण पातळ होते, वंगण कमी पडते आणि पूर्ण वेगात पिस्टन जाम होतो. म्हणून जाणता मिस्त्री जाम झालेल्या इंजिनात नुसता नवा पिस्टन घालीत नाही. तो सर्व तोंडे बंद करून पेटीत थोडा हवेचा दाब भरतो आणि तो काही मिनिटे टिकतो की उतरतो हे पाहतो. कारण न शोधता पिस्टन बदलणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला तोच पिस्टन पुन्हा विकत घ्यावयास लावतो.

तिसरा नियम पट्ट्याचा. गाडी जोर धरीत नाही, अशी तक्रार आली की लोक इंजिन उघडतात. निम्म्या वेळा दोष पट्ट्यात असतो. पट्टा अरुंद झाला, त्याला चकाकी आली, कडेला भेगा पडल्या, कप्पीच्या गालावर रबराची काळी पूड बसली, वजनांच्या रोळ्या चपट्या झाल्या, ह्यांपैकी काहीही असले तरी इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोहोचत नाही. ज्यांनी कायनेटिक वापरली आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

चौथा नियम उंचीचा. दहा हजार फुटांवर हवा सखल भागाच्या सुमारे सत्तर टक्केच राहते. खालच्या मापाचे जेट ठेवले तर पेट्रोल जास्त होऊन गाडी गुदमरते, म्हणून वर लहान जेट घालावे लागते. परंतु वर बसविलेले लहान जेट खाली उतरताना बदलावयाचे राहिले, तर सखल भागातील भरपूर हवेत इंजिन उपाशी पडते आणि जाम होते. चढताना केलेली चूक गाडी सोसते, उतरताना केलेली सोसत नाही. नव्या गाड्यांत हे माप यंत्र आपोआप ठेवते, तरी ते मोजणारी इंद्रिये बिघडली की प्रश्न तोच उभा राहतो.

पाचवा नियम बर्फाचा. ह्या गाडीचे पाणी थंड होते ते मागील पट्ट्याने उडविलेला बर्फ तिच्या पोटाखालील नळ्यांवर बसतो म्हणून. पट्टा ज्या सरकपट्ट्यांवरून घसरतो त्यांनाही बर्फाचेच वंगण असते. तेव्हा कठीण बर्फावर किंवा उघड्या जमिनीवर ती पळविली तर इंजिन तापते आणि सरकपट्ट्या वितळतात. तसेच, थंड इंजिनाला एकदम जोर देऊ नये. पिस्टन आधी फुगतो, बाहेरचे सिलिंडर अजून गारच असते आणि दोहोंत जागा उरत नाही. दोन-चार मिनिटे थांबण्याचा कंटाळा अशा रीतीने महाग पडतो.

सहावा नियम विश्रांतीचा. यंत्र चालून बिघडते तसे ते उभे राहूनही बिघडते. बर्फगाडी आठ महिने उभी असते, आपला फवारणीचा पंपही असतो. जुने पेट्रोल चिकट होऊन जेट बुजविते, टाकीत पाणी धरते, उंदीर हवेच्या पेटीत घर करतात. म्हणून हंगाम संपताच पेट्रोल काढावे, इंजिनात थोडे तेल सोडावे, पट्टा उतरवून ठेवावा आणि हे सर्व कोणत्या तारखेस केले ते लिहून ठेवावे.

आपण म्हणाल, हा इतिहास कसला, ही तर गॅरेजची शिकवणी झाली. पण माझे म्हणणे एवढेच आहे, की ही शिकवणी इतिहासातून गळाली म्हणून तो इतिहास अर्धा राहिला. यंत्र कोणी शोधले, कारखाना कोणी काढला, पहिली गाडी कोणी घेतली, हे आपण तारखांसह लिहितो. त्यानंतर चाळीस वर्षे ते यंत्र कोणी जिवंत ठेवले हे लिहीत नाही. मराठवाड्यासारख्या गरीब मुलखात तर नव्या यंत्राचा इतिहास फार थोडा आहे. येथे गाडी आली ती बहुधा पुण्या-मुंबईत वापरून झाल्यावर. आपली प्रगती जुन्या मालावर झाली, आणि जुना माल चालला तो उस्तादांच्या कानावर. २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले आणि रस्त्यावरील दुचाक्यांतून टू-स्ट्रोक मावळले. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्या इंजिनांबरोबर ती ऐकण्याची विद्या जाणणारी माणसेही भंगारात निघाली, ह्याची नोंद कोठे झाली? १९६१ साली ह्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. मोठ्या कारखान्यांतील मुलांना त्याचा लाभ मिळाला. रस्त्याकडेच्या गॅरेजातील मुलापर्यंत तो पोहोचला नाही. त्याला आजही छोटू म्हणतात, त्याच्या हातात शाळेच्या वयात पाना असतो, आणि त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपते.

ह्या मुलांना शाळा मिळावी, आणि वयात आलेल्या कारागिराला त्याच्या हातच्या विद्येचे प्रमाणपत्र व योग्य दाम मिळावे, हे आमच्या संघटनेचे मागणे आहे. सभेकडे माझे मागणे ह्याहून लहान आहे. आपल्या गावात ग्रामपंचायतीची रुग्णवाहिका असेल, पाणीपुरवठ्याचा पंप असेल, एखाद्या मंडळाने वर्गणीतून घेतलेली गाडी असेल. उद्या सकाळी जाऊन तिच्यापाशी एक वही आहे का, ते पाहावे. नसल्यास दोऱ्याने एक बांधावी. तीत तीनच रकाने आखावेत: तारीख, काय पाहिले, आणि पाहणाऱ्याचे नाव. देणगीदाराचे नाव दाराच्या पाटीवर असते, तसे हे नाव तेथे नियमाने लिहिले जावे.

आमच्या संघटनेच्या गाडीला १९९४ पासून अशी वही आहे. गाड्या तीन बदलल्या, पण वही तीच पुढे चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिली सही हवालदारकाकांची आहे आणि दुसरी माझी.